सुमन मोहन्याची, रांग ठाण्याची

मला एचआयव्ही आहे.

घाबरू नका, मोबाइलमधून लागत नाही.

मी बोलतेय आणि माझी नात प्राची टाइप करतेय. मला अक्षर येत नाही, पण तोंड अजून चालतं. पहिलीच ओळ ऐकून तिचे अंगठे थांबले.
म्हटलं, "काय गं, चार्जिंग संपलं?"

कुठून आला? नवऱ्याकडून.
त्याला कुठून आला? तो सांगायच्या आधीच गेला. कुठलंही काम अर्धवट टाकायची सवयच होती त्याला.

पण आज माझं नाही, सुमनचं सांगायचंय.

आज कल्याणजवळ मोहन्याला सुमनचं पुण्यानुमोदन आहे, आमच्यात गेलेल्या माणसासाठी करतात तो विधी. तिच्या दिरानं नाक्यावर बॅनर लावलाय. फोटो छान आहे, हसतेय. खाली काय लिहिलंय ते प्राचीनं वाचून दाखवलं. "अल्पशा आजाराने निधन."

अल्पशा!
बाई माझ्यासारखीच वर्षानुवर्षं रोज गोळी खात होती. टीबीनं गेली. यात अल्प काय होतं ते दिरालाच विचारायला पाहिजे.

सुमनची मुलगी वैशाली मला म्हणाली, "अक्का, तुम्ही खरं लिहा. आईलाही तेच हवं होतं."
म्हणून लिहितेय.

सुमन मला भेटली ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात, गोळ्यांच्या रांगेत. दोघींचे पदर नाकापर्यंत.
ती म्हणाली, "कुठल्या हो तुम्ही?"
मी म्हटलं, "नाशिकच्या. तुम्ही?"
"पुण्याच्या."

तिच्या मांडीवर पिशवी होती. त्यावरचा मोर मी लगेच ओळखला. कल्याणच्या साडीच्या दुकानाचा. माझ्या घरी तशा चार पिशव्या आहेत.
मी म्हटलं, "का हो, त्या दुकानानं पुण्यात पण शाखा काढली का?"

अशी हसली, अशी हसली, की पदर खांद्यावर आला.

खरं तर ती मोहन्याची, मी ठाकुर्लीची. कल्याण दोघींना जवळ, तिथंही तीच गोळी फुकट मिळते. पण तिथं ओळखीचं कुणी बघेल म्हणून दोघी ठाण्याला.
समुपदेशनाच्या मॅडम म्हणाल्या, "मावशी, ठाण्याच्या बायका कल्याणला जातात."

म्हणजे बघा. सगळ्या एकमेकींच्या गावात लपायला!

तिथून आमची मैत्री. गोळ्या घ्यायच्या, बाहेर चहा प्यायचा, लोकांना नावं ठेवायची. तिनं घरी सांगितलेलं की शिवणक्लासला जाते. इतकी वर्षं क्लास करून बाईला बटण लावता येत नव्हतं.

मागच्या वर्षी तिला खोकला लागला. गल्लीतल्या डॉक्टरनं औषधाची बाटली दिली. त्याला ही एचआयव्हीचं बोललीच नाही. त्यानं विचारलं नाही, हिनं सांगितलं नाही.

मग ठाण्याला यायची बंद झाली. मोहन्याहून रिक्षा, मग गाडी, मग परत रिक्षा, वर जिने. दम पुरत नव्हता.
मी फोन केला.
"जरा बरं वाटलं की येते, अक्का."
"अगं, बरं वाटायलाच जायचं असतं ना!"

ती आली नाही. गोळ्या संपल्या. म्हणून मीच गेले मोहन्याला.
दार उघडलं तर ओळखूच येईना. गालाची हाडं वर आलेली. दोन शब्द बोलायची आणि खोकायची.

म्हटलं, "कल्याणला चल. नाव ठाण्याहून इकडे करून देतात."
"नको. तिथं गेटवर आमच्या गल्लीतला सचिन सिक्युरिटीला असतो. अख्ख्या मोहन्याला कळेल."
"आणि मेल्यावर नाही कळणार?"
"तेव्हा मला ऐकू येणार नाही."
"वैशालीला येईल."

 
मग म्हणाली, "उद्या चल. पण तू पुढं हो."

दुसऱ्या दिवशी गेलो. गेटवर सचिन. सुमननं माझा दंड असा धरला की वळ उठले.

सचिननं पाहिलं. म्हणाला, "काकी, खोकला आहे ना? हा मास्क लावा. चालू नका, व्हीलचेअर आणतो."
आणली. आत सोडलं. परत गेटवर जाऊन उभा राहिला.

सुमननं मान वळवून मला विचारलं,
"एवढंच?"
"एवढंच गं बाई."

टीबी फार पसरला होता. डॉक्टरीणबाईंनी खूप धडपड केली. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दोन-तीन महिने आधी यायला हव्या होत्या."

ॲडमिट असताना एकदा मला म्हणाली, "अक्का, ठाण्यापेक्षा इथले पंखे बरे आहेत. उगाच इतकं हिंडले मी."
आणि वैशालीसमोर म्हणाली, "मी गेल्यावर माझं नाव घेऊन सांग. दुसरी कुणी तरी जवळच्या दवाखान्यात जाईल."

गेल्या आठवड्यात गेली.

आता ऐका.
मी माझं नाव ठाण्याहून कल्याणला करून घेतलं. सून म्हणते, "आई, लोक काय म्हणतील?" म्हटलं, लोकांना म्हणायला काही तरी लागतंच, आपण निदान खरं देऊ.

तुमच्यापैकी कुणी लांब जाऊन गोळी घेत असेल, तर जवळ या. दम असतानाच या.
खोकला थांबत नसेल तर डॉक्टरला सगळं सांगा. त्यानं विचारलं नाही तरी सांगा.
आणि गोळी चुकवू नका. मी सत्तरी ओलांडली ती काही देवानं लाड केले म्हणून नाही.

एकटं यायची भीती वाटत असेल तर प्राचीला मेसेज करा. मी कल्याणच्या गेटपाशी येऊन उभी राहीन. मला पाटी वाचता येत नाही, पण कुठल्या खिडकीला जायचं ते पाठ आहे.

प्राची विचारतेय, "आजी, फ्रेंड्स ओन्ली करू की पब्लिक?"

पब्लिक कर.

सुमन, तुला प्रेमाचा जयभीम. तुझ्या अक्काकडून, आणि ज्यांना अजून नाव सांगता येत नाही त्या आपल्या सगळ्याजणींकडून.