कुजबुजचं कार्ड कोणी बंद केलं

कुठल्या नटाला कुठल्या वाक्यावर टाळी पडायची, हे मी आजही न चुकता सांगू शकेन. पण बत्तीस वर्षांत ज्याला एकही टाळी पडली नाही, आणि पडली असती तर ज्याला आठवडाभर तोंड दाखवायची लाज वाटली असती, अशा माणसाबद्दल मला लिहायचं आहे. तो आमच्या मंडळीचा प्रॉम्प्टर. सगळे त्याला कुजबुज म्हणायचे. त्याची बायकोही म्हणायची, फक्त तो खोलीत नसताना.

विंगेत एक लाकडी स्टूल, डब्याच्या पत्र्याची टोपी घातलेला बारकासा दिवा आणि मांडीवर नाटकाची वही. एवढाच त्याचा संसार. त्याचं बोट ओळीवरून सरकत राहायचं आणि डोळे आमच्या तोंडाकडे. नट अडला की लगेच ओळ फेकणारे प्रॉम्प्टर मी पुष्कळ पाहिले. त्याने नट उलट जास्त गडबडतो. कुजबुज थांबायचा. पहिला श्वास नटाचा, दुसरा श्वास नाटककाराचा, तिसरा माझा, असं त्याचं गणित होतं. तिसऱ्या श्वासाला शब्द कानात असा येऊन बसायचा की आपल्यालाच आठवला असं वाटावं. मी रंगमंचावर उभा राहिलो तो त्याच्या जिवावर. वर्तमानपत्रांनी माझ्या 'अर्थपूर्ण विरामां'चं कौतुक केलं, त्यातले निम्मे विराम म्हणजे मी ओळ विसरलो होतो आणि कुजबुज दोन श्वास मोजत होता.

नाटक संपलं की मात्र त्याला त्यातलं काही आठवायचं नाही. कथा विचारा, सांगता यायची नाही. कोण कुठे अडलं, तेवढं पक्कं लक्षात. निवृत्त झाल्यावरही ही खोड गेली नाही. डॉक्टर म्हणाले, "ही गोळी घ्यायची ती..." आणि चिठ्ठीकडे बघत राहिले, की हा हळूच म्हणणार, "जेवणानंतर." डॉक्टर म्हणणार, "हो, जेवणानंतर." दुकानदार, टॅक्सीवाला, घरमालक, सगळ्यांना त्याने तारून नेलेलं आहे. समोरच्याची जीभ अडखळलेली त्याला बघवत नसे.

आता कार्डाकडे येतो. मंडळी दौऱ्यावर असताना जेवणं झाली की हा पुढे व्हायचा, अख्खं बिल आपल्या क्रेडिट कार्डावर भरायचा आणि आम्हा सोळा जणांकडून रोख गोळा करायचा. आम्ही त्याला सावकार म्हणून चिडवायचो. त्याला हवे होते ते पॉइंट. खर्च कार्डावर केला की बँक थोडे पॉइंट द्यायची, आणि चाळीस हजार पॉइंट झाले की विमानाची दोन तिकिटं मिळायची. एका जुन्या नाटकाच्या वहीच्या शेवटच्या पानावर तो ते पॉइंट पेन्सिलीने मांडत असे. बिल एकदाही चुकवलं नाही, उशीरही नाही.

तिकिटं वहिनींसाठी, म्हणजे त्याच्या बायकोसाठी. त्यांची थोरली बहीण फार लांब राहायची. रेल्वेने दोन दिवस, आणि वहिनींच्या गुडघ्यांना दोन तासही बसवत नव्हतं. अकरा वर्षं दोघींची भेट नव्हती, दर गुरुवारी फोन तेवढा. बहीण एक्क्याऐंशीची. हल्ली ती फोनवर म्हणायला लागली होती, "यायचं तर आता ये. परवा मी दूधवाल्याला माझ्या मुलाच्या नावाने हाक मारली आणि त्याने ओ दिली."

पॉइंट चाळीस हजार दोनशे दहा झाले त्याच महिन्यात हा माणूस चहापत्ती आणि साबण आणायला दुकानात गेला आणि यंत्राने कार्ड नाकारलं. तो रिकामी पिशवी घेऊन घरी गेला आणि तिथून सरळ माझ्याकडे आला. दुसऱ्या हातात एक पाकीट होतं. चार दिवस टपालपेटीत पडलं होतं, जाहिरात समजून त्याने फोडलं नव्हतं. आत लिहिलं होतं, आपल्या विनंतीनुसार आपलं कार्ड बंद करण्यात आलं आहे, शिल्लक पॉइंट रद्द समजावेत.

"मी विनंती केलेली नाही," कुजबुज म्हणाला. "मी आयुष्यात कोणाला विनंती केलेली नाही."

संध्याकाळी त्याच्या घरी बैठक बसली. त्याची भाची एका दवाखान्यात बिलं बनवते, पैशाच्या कागदांची तिला भीती वाटत नाही. तिने आधी मामाच्या हातातली कात्री काढून घेतली, कारण तो रागाने कार्डाचे तुकडे करायला निघाला होता. मग म्हणाली, बँका कार्डं काही उगाच बंद करत नाहीत. वर्षभर वापरलं नाही तर करतात. बिलं थकली, पत्ता किंवा ओळखीचे कागद जुने झाले, किंवा घरगुती कार्डावर कोणी धंदा करतंय असा संशय आला, तरी करतात.

हे ऐकून मी गार पडलो. एका दौऱ्यात मी त्याच्या कार्डावर सहा मिशा, दोन टोप आणि लाकडी तलवारींचा अख्खा गठ्ठा घ्यायला लावला होता. बँकेला काय वाटलं असेल? मी तसं बोलून दाखवलं आणि माफी मागितली. मग वहिनींनीही कबूल केलं, की मागे बँकेचा एक फॉर्म त्यांनी भरला होता आणि त्यात जुन्या घराचा पत्ता लिहिला होता. पाच मिनिटांत त्या घरात आम्ही दोघे गुन्हेगार झालो आणि कुजबुज आम्हाला समजावत बसला.

"मामा, यातलं काहीच पत्रात नाही," भाची म्हणाली. "पत्रात तूच बंद करायला सांगितलंस असं आहे. आणि सगळं तिथेच अडलंय."

तिने मागची बारीक अक्षरं वाचून दाखवली. बँकेने स्वतःहून कार्ड बंद केलं तर पॉइंट वापरायला महिनाभर मुदत होती. ग्राहकाने सांगून बंद केलं तर पॉइंट त्याच दिवशी गेले. म्हणजे कार्ड कोणी बंद केलं, यावर वहिनींचं विमान उडणार की नाही ते ठरणार होतं.

मग तिने आम्हाला कामाला लावलं. कार्ड बंद झालं तरी त्यावरची बाकी बुडत नाही, म्हणून ती आधी भरायला लावली. विजेचं बिल दर महिन्याला आपोआप त्या कार्डावरून जायचं, ते दुसरीकडे वळवलं, नाहीतर कार्डामागोमाग दिवेही गेले असते. जुनी सगळी बिलं काढून ठेवली. आणि बँकेला अर्ज लिहिला, विनंती कधी, कोणी आणि कशी केली त्याचा पुरावा लेखी द्या. तक्रारीचा क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही, असं तिने बजावलं होतं. शाखेत दाद लागली नाही तर वर तक्रार अधिकारी असतो, त्याच्यावर लोकपाल असतो. मला हे तीन अंकी नाटकासारखं वाटलं आणि जरा हुरूप आला.

आठव्या दिवशी शाखेतून बोलावणं आलं. वहिनींनी मला दारातच सांगितलं, "भाऊजी, तिथे भाषण करू नका. मला तिकीट पाहिजे, टाळी नको." मी कबूल केलं.

शाखेत खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या होत्या, एक जण उठला की बाकीचे तिघे हलायचे. पेन दोरीला बांधलेलं होतं आणि दोरी फॉर्मपर्यंत पोचत नव्हती. आमचा क्रमांक आला तेव्हा आत एक अधिकारीबाई बसल्या होत्या. चष्म्याला साखळी, पुढ्यात बशीने झाकलेला गार चहा. बाई शांत होत्या. म्हणाल्या, पुरावा आहे, फोनवरची विनंती ध्वनिमुद्रित झालेली आहे, आपणच ऐका. आणि संगणकाचा आवाज वाढवला.

आधी एका मुलीचा आवाज आला, कोवळा आणि घाबरलेला. ती समोरच्या कागदावरून वाचत होती, हे माझ्या कानाला लगेच कळलं. तालीम झालेलीच नव्हती.

"सर, आपल्यासाठी बँकेचं नवीन कार्ड आलं आहे. त्यात पुष्कळ सोयी आहेत. त्यासाठी आधी आपल्याला जुनं कार्ड..."

कागद सळसळला. मी श्वास मोजले. एक. दोन. आणि तिसऱ्याला, बत्तीस वर्षं माझ्या कानात बसलेला तो आवाज, हलका आणि स्वच्छ:

"बंद करायचं आहे."

"हो," मुलगी सुटल्यासारखी म्हणाली. "जुनं कार्ड बंद करायचं आहे. नक्की ना सर?"

"छान. पुढे."

"मग सर, मी आपली ही विनंती... ही विनंती..."

"नोंदवून घेते."

"नोंदवून घेते. धन्यवाद सर."

"आवाज जरा मोकळा सोड, बाळ," कुजबुज म्हणाला होता, आणि फोन ठेवला होता.

भाचीने कपाळाला हात लावला. वहिनी नवऱ्याकडे बघत होत्या आणि त्यांना सगळं आठवत होतं. त्या फोननंतर चहा पिताना तो खुशीत म्हणाला होता, कुठलीतरी नवी पोरगी होती, बिचारी अडत होती, नेली पार. काय बोलली ते त्याला तेव्हाही सांगता आलं नव्हतं.

"माझाच आवाज आहे," कुजबुज म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "पण ते मी बोललो नाही. ते तिचं वाक्य होतं."

बाईंनी ते दोनदा समजून घ्यायचा प्रयत्न केला. त्या म्हणाल्या, आपला व्यवसाय काय होता ते मला कळलं, पण दुसऱ्याची वाक्यं पुरवताना माणूस आपलं कार्ड बंद करून बसतो हे मी वर कसं पटवू?

मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, म्हणजे बोला आता. मी उठलो, बाकीच्या तीन खुर्च्या हलल्या. बाईंना म्हणालो, मी एका पदच्युत राजाचं भाषण म्हणतो आणि शेवटच्या ओळीआधी मुद्दाम थांबतो, याच्याकडे लक्ष ठेवा. मग सुरुवात केली. बाहेर टोकन घेऊन बसलेली माणसं काचेला येऊन चिकटली. "ज्या दारातून हत्ती आत आले, त्या दारातून आज मी..." इथपर्यंत झकास जमलं आणि पुढचं काही येईना. शेवटची ओळ अजून बरीच लांब होती. मी खरोखरच विसरलो होतो. भर शाखेत, सत्तेचाळीस माणसांसमोर, माझा राजा दारातच अडकला.

एक. दोन.

"अनवाणी बाहेर पडतो आहे," कुजबुज खाली मान घालून म्हणाला. तो माझ्याकडे बघतही नव्हता. तो पिशवीचा बंद गुंडाळत होता.

मी ओळ घेतली आणि राजाला एकदाचा बाहेर काढला. काचेपलीकडून टाळ्या पडल्या. त्या कोणाच्या होत्या ते मला ठाऊक होतं, पण जुनी सवय, मी वाकलो.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, संगणक पुढे ओढला आणि वरच्या कचेरीसाठी टिपण लिहायला घेतलं. लिहिताना त्या पुटपुटत होत्या. ध्वनिमुद्रण ऐकलं, ग्राहकाशी समक्ष बोलणं झालं, कर्मचारी नवखी होती. "सबब माझं मत असं आहे, की ग्राहकाने कार्ड बंद करण्याची विनंती..." आणि योग्य शब्दासाठी छताकडे बघत राहिल्या.

वहिनींचा हात त्याला आवरायला उठलेला मी पाहिला. तो पोचायला उशीर झाला.

"केलेलीच नाही," कुजबुज म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, गार चहाचा एक घोट घेतला आणि ते तसंच टाइप केलं. एवढंच म्हणाल्या, "काका, पुढच्या वेळी बँकेचा फोन आला की काकूंच्या हातात द्या." कुजबुजने त्या फोनवरच्या मुलीला काही होणार नाही ना, असं विचारलं. बाई म्हणाल्या, तिला आता तालीम देतील.

बारा दिवसांनी पत्र आलं. कार्ड पुन्हा सुरू, पॉइंट जसेच्या तसे. त्याच संध्याकाळी भाचीने तिकिटं काढली, कारण मामाच्या हाती फोन लागण्याआधी पॉइंट संपलेले बरे, असं तिचं म्हणणं पडलं.

पुढचं वहिनींनी परत आल्यावर मला सांगितलं. विमानात हवाई सुंदरी सूचना देताना एका जागी अडखळली, तेव्हा त्यांनी वेळीच नवऱ्याच्या तोंडावर हात ठेवला आणि पट्टे बांधून होईपर्यंत काढला नाही. मग टॅक्सी, मग बहिणीचं घर. दार बहिणीनेच उघडलं. काठीवर रेलून ती समोर उभ्या असलेल्या बाईकडे बघत राहिली. ओठ हलले, पण नाव येईना.

एक श्वास झाला. दुसरा झाला. तिसरा झाला, चौथाही. वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने ओठ घट्ट मिटले होते आणि तो दाराच्या चौकटीकडे बघत उभा होता. त्याला नाव माहीत होतं. या वेळी त्याच्या तोंडावर कोणी हात ठेवला नव्हता.

"ठमे," बहीण म्हणाली. "किती जाड झालीस गं."