तात्पुरता बोळा

जुन्या वाङ्मयात क्रोधासाठी ‘मन्यु’ असा एक शब्द येतो. त्यात नुसती आग नाही. आगीमागचे मानी मनही आहे. आमच्या इमारतीचे नळकाम पाहणाऱ्या मिस्त्रींचा संताप या जातीचा होता. लोक त्यांना ‘पक्केकाका’ म्हणत. कोणताही जोड आवळून झाला, की त्यावर पान्ह्याने दोनदा टकटक करून ते ‘पक्कं’ असे उच्चारीत आणि मगच हात पुशीत. ‘तात्पुरतं’ हा शब्द त्यांच्यासमोर काढण्याची सोय नव्हती. काढला, की मानेची शीर फुगे आणि प्रश्न येई, “पाणी तात्पुरतं वाहतं का रे?”

या एका शब्दापायी त्यांनी आपल्या मेहुण्याला कामावरून हाकलले होते. कुणाच्या तरी न्हाणीघरात पाइपाभोवतीच्या भोकात चिंध्यांचा बोळा कोंबून तो म्हणाला होता, “दाजी, तात्पुरतं आहे.” एवढाच त्याचा अपराध. त्यास नऊ वर्षे लोटली. दोघांत शब्द उरला नव्हता. बायकोने मध्यस्थी करून पाहिली, तर तिला ‘बोळ्याची बहीण’ ही पदवी मिळाली.

तिसऱ्या मजल्यावर मालकीणबाईंच्या भाडेकरू म्हणून दोन विद्यार्थिनी राहत. थोरली चष्मेवाली, शेवटच्या वर्षाला. धाकटी तिची मावसबहीण. परीक्षा तोंडावर आली असताना त्यांच्याकडे उंदीर शिरला. ‘मूषक’ या नावाच्या मुळाशी चोरण्याचा अर्थ आहे, आणि या मूषकाने ते नाव सार्थ केले. साबण गेला, मोज्याची टाच गेली, शेवटी थोरलीच्या टिपणांतील एक अख्खे प्रकरण गेले. पिंजऱ्यात पावाचा तुकडा अडकवला, तर सकाळी पाव नाही, उंदीरही नाही.

मालकीणबाईंच्या कानावर हे गेले आणि त्यांनी मुलींच्या दारावर चिठ्ठी डकवली: ‘अस्वच्छतेमुळे उंदीर झाले आहेत. महिनाअखेर जागा रिकामी करावी.’ महिनाअखेरीनंतर तिसऱ्या दिवशी थोरलीचा पहिला पेपर होता.

मुलींनी तक्रार केली, की उंदीर भिंतीतून येतो. मालकीणबाईंनी त्यावर एका दुपारी पक्केकाकांनाच साक्षीदार म्हणून वर आणले. बावीस वर्षांपूर्वी त्या घराचे सगळे नळकाम त्यांनीच केले होते.

“सांगा हो मिस्त्री यांना,” मालकीणबाई म्हणाल्या. “भिंतीत भोक आहे म्हणतात!”

पक्केकाकांची शीर फुगलीच. “भोक? माझ्या कामात? अगं पोरींनो, माझ्या कामात उंदीर सोडा, मुंगीला वाट मिळायची नाही! खरकटी भांडी दोन-दोन दिवस भिजत घालायची आणि बोट दाखवायचं भिंतीकडे. चोराच्या उलट्या बोंबा!”

“काका, खरकटं एकही दिवस ठेवलेलं नाही,” थोरली म्हणाली. “माझं प्रकरण खाल्लंय त्यानं. मला काय हौस आहे त्याला पाळायची?”

“ताई, पीठ दाखव ना त्यांना,” धाकटी म्हणाली.

थोरलीने झोपण्यापूर्वी स्वयंपाकघरात पिठाचा पातळ थर पसरून ठेवला होता आणि सकाळपासून त्यावर कुणाला पाऊल टाकू दिले नव्हते. त्या थरावर नखाएवढ्या पावलांची रांग उमटली होती. ती दारातून आली नव्हती, खिडकीतूनही नव्हती. बेसिनखालच्या फळीच्या फटीतून ती निघाली होती आणि तिथेच परतली होती.

“फळीमागे काय आहे, काका? तुम्हालाच ठाऊक असणार.”

“पक्कं सिमेंट आहे. काढूनच दाखवतो. पण मग माफी मागशील?”

“मागीन. आणि तुम्ही?”

एवढ्याशा मुलीचे हे उत्तर ऐकून काकांनी डोळे वटारले, पिशवीतून छिन्नी काढली आणि एका दणक्यात फळी उचकटली. आत टिपणांच्या कपट्यांचे घरटे होते. त्यातून एक करडा जीव उसळला, पाइपाच्या कडेने भिंतीत घुसला आणि दिसेनासा झाला. धाकटी ओरडून ओट्यावर चढली.

पक्केकाका मात्र हलले नाहीत. सांडपाण्याचा पाइप भिंतीत शिरत होता, तिथे सिमेंट नव्हते. गोणपाटाचा एक जुना बोळा होता, अर्धा कुरतडलेला. त्याला सुतळीचे तीन वेढे होते आणि गाठ डाव्या हाताने मारलेली होती. काका डावखुरे होते. अशी गाठ या गावात दुसरे कुणी मारत नसे.

त्यांना तो दिवस आठवला. सिमेंट कमी पडले होते. ‘उद्या येऊन भरतो’ असे ते तेव्हाच्या मालकांना म्हणाले होते. त्या ‘उद्या’ला बावीस वर्षे झाली. त्यामागे आजारपण नव्हते, संकट नव्हते, सांगण्याजोगे कारणच नव्हते. दुसऱ्या दिवशी दुसरे काम निघाले, इतकेच.

मालकीणबाई वाकून पाहत होत्या. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “भरून टाका हो पटकन. झाकली मूठ! या मुली आज आहेत, उद्या नाहीत. कुणाला कळणार आहे?”

पक्केकाकांचा चेहरा काळानिळा झाला.

“मला कळलंय!” ते इतक्या मोठ्याने कडाडले, की जिन्यातली माणसे थबकली. “हे भोक माझं आहे. बोळा माझा, गाठ माझी. आणि मी या पोरींना घाणेरड्या म्हणालो! आपलेच दात, आपलेच ओठ. बाई, ती चिठ्ठी काढा. आत्ता. तुमच्या हातानं.”

“अहो, पण मिस्त्री...”

“काढा! नाहीतर तिच्या खाली मी लिहितो, उंदीर मिस्त्रीच्या चुकीमुळे झाले म्हणून. सही ठोकतो. अख्खी इमारत वाचेल.”

मालकीणबाईंनी दारावरची चिठ्ठी सोडवली आणि घडी घालत पुटपुटल्या, “बरं बाई, तात्पुरती काढून ठेवते.”

“तात्पुरती नाही!” काका गरजले. बाईंच्या हातून चिठ्ठी हिसकून त्यांनी ती फाडली आणि तुकडे मुठीत घट्ट आवळून धरले.

मग ते गुडघ्यांवर बसले. बोळा उपसून काढला, सिमेंट मागवून त्यात उंदराने पुन्हा कुरतडू नये म्हणून काचेचा चुरा कालवला आणि भोक थापीने तळापर्यंत दडपून भरले. थोरलीने पाण्याचा पेला पुढे केला, तर “काम चाललंय!” म्हणून तिच्यावरच खेकसले. लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात; यांनी उंदराचा माग काढला आणि वर्षानुवर्षांच्या अहंतेचा डोंगर यांच्याच अंगावर आला. सिमेंट धरेपर्यंत ते तिथून उठले नाहीत. उठले ते थोरलीसमोर येऊन उभे राहिले.

“चुकलं माझं,” ते म्हणाले, तेही शिवी हासडावी तशा आवाजात. “अभ्यास कर जा. उद्या येतो, वाळलं का ते बघायला.”

‘उद्या’ हा शब्द तोंडून निघाला आणि ते क्षणभर ओशाळले. कुरतडलेला बोळा त्यांनी फेकला नाही, खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मुलींच्या दाराची घंटा वाजली. दारात काका होते आणि त्यांच्यामागे अवजारांची पिशवी घेतलेला, कानशिले पांढरी झालेला एक गृहस्थ. त्याच्या दुसऱ्या हातात तो गोणपाटाचा बोळा होता. त्याने तो हसून खिशात सारला, बेसिनखाली वाकून सिमेंटवर पान्ह्याने दोनदा टकटक केली आणि म्हणाला, “पक्कं आहे, दाजी.”

“तुला कुणी विचारलं?” पक्केकाका ओरडले. “बाजूला हो. पुन्हा वाजव. नीट.”