आईचं माहेरचं नाव

माझ्या आईच्या मृत्यूची नोंद चुकीची आहे, असा अर्ज मी स्वतःच्या हाताने लिहिला होता.

नोंद बरोबर होती.

आज अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईची तिथी. म्हणून आजच लिहिते.

झालं असं की भावाच्या नातीला ॲडमिशनसाठी कास्ट व्हॅलिडिटी लागत होती. सदुसष्ट सालाच्या आधीचे कागद हवेत. भाऊ म्हणाला, "ताई, तूच पाय ना. तुलेच कागदाचा नाद हाय."

खरं आहे. मी मॅट्रिकच, पण घरातली एक पावती कधी हरवू दिली नाही.

पातूरकडे आमचं गाव. आजोबांची फुलांची वाडी होती. तिकडचे तीन कागद मिळाले. जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूला मी ते ओळीने उतरवून घेतले.

पहिला, एकावनच्या जनगणनेच्या वेळचा. घराघरातली माणसं लिहिलेलं रजिस्टर. आजोबा, आजी, बाबा, आत्या, आणि 'सुशीला, बाबांची पत्नी, वय सोळा'.

दुसरा, समाजाच्या लग्नाच्या वहीतला. एकोणसाठ साल. वर, बाबा. वधू शांता, माहेर बाळापूर, सासरचं नाव सुशीला.

मी हसले. आई लग्नाच्या आठ वर्षं आधीच सासरी!

माझा तर जन्मच पंचावनचा. म्हटलं, वहीत साल चुकलं.

मग कोतवाल बुकाची नक्कल आली. गावातल्या जन्म-मृत्यूची ती जुनी वही.

सत्तावन साल. 'सुशीला, वय बावीस, बाळंतपणात मयत.' पुढे पती म्हणून बाबांचं नाव.

मला रागच आला. माझी आई दोन हजार नऊपर्यंत होती. माझ्या हातून शेवटचं पाणी घेऊन गेली.

लगेच अर्ज लिहिला. साक्षीदार म्हणून आत्याची सही हवी, म्हणून अकोल्याहून अमरावतीची एसटी धरली. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, अठ्ठ्याऐंशी वर्षांची.

तिने अर्ज मोठ्याने वाचायला लावला. सगळा ऐकला.

"फाडून टाक तो."

"काहून वं आत्या?"

"बरोबर लिवलं हाय त्याईनं. ते तुही आई व्हय. तू दोन वर्साची होती."

"मंग बाळापूरची?"

"तेही तुही आईच. दोघी बी सुशीला. तुह्या आजीनं दुसरीलेही तेच नाव ठेवलं. म्हने, पोरीले आई बदलल्याचं समजू नये."

माझा चहा तसाच राहिला.

आत्या बोलत होती. "शांतावहिनीनं आमाले शपथ घातली होती. पोरीले सावत्र म्हनान तर या घरात पानी नाई पेनार म्हने. तिच्या गळ्यात चांदीची बारकी पुतळी होती ना? तुह्या आईच्या नावाची व्हय ते, मेलेल्या सवतीची घालतेत तशी. रोज हळद-कुंकू लावे तिले."

आम्ही विचारायचो, तर आई म्हणायची, "देवी हाय."

सोळाव्या वर्षी मी तिला बोलले होते, "भावावर जास्त जीव आहे तुझा." ती ज्वारी निवडत राहिली.

हे आठवलं की आता देवापुढे बसवत नाही.

मग मी विचारलं, "आत्या, माझ्या आईचं माहेरचं नाव काय होतं?"

आत्या किती तरी वेळ आठवत बसली.

"आमी वहिनीच म्हनो वं. कौंडण्यपूरकडची होती. हसे लय. तुही आजी रागवून राहिली तरी हसे... नाव नाई आठवत बाई."

आणि तीच रडायला लागली.

शांता हे नाव निदान वहीत आहे. हिचं एकाही कागदात नाही. हिचं लग्न झालं तेव्हा समाजाची वहीच नव्हती. फोटो नाही. पोटातलं बाळही तिच्याबरोबर गेलं.

मी कौंडण्यपूरला जाऊन आले. रुक्मिणीची ओटी भरली. ओट्यावरच्या चार म्हाताऱ्यांना विचारलं.

ते म्हणाले, "पोरीचं नाव काय? नावाबिगर कसं सांगू बाई?"

आज सवाष्ण जेवू घातली. तिला साडीचोळी दिली. हात जोडताना नाव घ्यायचं, तर सुशीला म्हटलं. ते आमच्या घराने ठेवलेलं. तिच्या आईबापाने हाक मारली ते वेगळंच असेल.

कौंडण्यपूरकडचं कोणी हे वाचत असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. पातूरकडे माळ्याच्या घरी दिलेली, बाविसाव्या वर्षी बाळंतपणात गेलेली एखादी आत्या, मावशी होती का?

मला शेत नको, हिस्सा नको.

फक्त नाव कळवा.

आई, बाळापूरच्या आईने मला तुझी उणीव कधी भासू दिली नाही. म्हणून तुझ्यासाठी रडायला मला सदुसष्ट वर्षं उशीर झाला.

तुझ्या पोरीचा नमस्कार घे.