ओळखीच्याच घरी विकलेलं चूर्ण

रेल्वेच्या एका गँगमनला चोरीच्या संशयावरून मी ठाण्यातल्या बाकावर बसवलं होतं. ती दुपार अजून मनातून गेलेली नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेलेत. हे साधं चोरीचं प्रकरण मात्र वेगळं राहिलं. ती माणसं आणि त्यांची मुलं त्याच भागात राहतात, म्हणून कुणाचं नाव घेत नाही.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. मी नागपूरच्या पलीकडच्या सौंसर ठाण्यात उपनिरीक्षक होतो. उन्हाळा, लग्नसराईची भांडणं, वर आजूबाजूच्या बाजारांचा बंदोबस्त. अशात नागपूरचा एक एजंट रिपोर्ट द्यायला आला. सोबत गावातल्या प्राथमिक शाळेच्या एक बाई होत्या. एजंट 'शक्तीचं चूर्ण' विकणाऱ्या एका कंपनीचा. ही कंपनी दुकानात माल ठेवत नसे. सभासदानं डबे घ्यायचे, ओळखीच्यांना विकायचे, त्यांनाही सभासद करून पुढं विकायला लावायचं. खालच्यांच्या विक्रीत वरच्याचा वाटा. आमच्या भागात ही तऱ्हा नवी होती. बाई सौंसरच्या मुख्य सभासद आणि डब्यांचा साठा त्यांच्या घरी. तो सगळा चोरीला गेला, असं एजंटचं म्हणणं.

"संशय कोणावर?" रिपोर्ट लिहून घेणाऱ्या मुंशीनं विचारलं.

एजंटनं लगेच गँगमनचं नाव सांगितलं. त्यानं भर बाजारात बाईंना शिव्या दिल्या होत्या आणि डबे नाल्यात फेकून देईन, असं म्हटलं होतं. ऐकणारे पुष्कळ होते.

बाई मान खाली घालून बसल्या होत्या. काही सांगायचंय का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "रिपोर्ट नसता लिहिला तरी चाललं असतं, साहेब."

ज्याच्या घरी चोरी झाली त्याला रिपोर्ट नको आणि तिसऱ्यालाच घाई, असं दिसलं की पोलिसानं जरा थांबावं. पण रिपोर्ट लिहिला गेला होता. मी घर पाहिलं, पंचनामा केला. कुलूप शाबूत, कडी शाबूत. मागच्या खोलीत धुळीवर डब्यांच्या बुडांचे गोल ठसे तेवढे राहिले होते.

मग गँगमनला बोलावलं. छोट्या लाईनीवर, म्हणजे नॅरोगेजवर, रुळांचं काम करणारा, उन्हानं करपलेला माणूस. त्याची बायको आणि या बाई, दोघी मोहगावच्या. एकाच वर्गात शिकलेल्या, एकमेकींच्या लग्नात राबलेल्या.

"शिव्या दिल्या का?"

"देल्या जी. खोटं कायले बोलू?"

"आणि डबे?"

त्यानं डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं. मग म्हणाला, "साहेब, माह्या घरचीले टी.बी. हाय. सरकारी दवाखान्यातली सुई चालू होती, गोळ्या चालू होत्या. अंग भरून राह्यलं होतं तिचं. बाईनं डबा आणला. एजंट म्हणे, हे सुरू केलं का बाकी औषधी बंद करा, नाही तर गुण येत नाही. हिनं बंद केल्या. मले सांगतलंही नाही. आता खोकल्यातून रगत पडून राह्यलं."

मी डब्यांबद्दल विचारत होतो आणि तो बायकोबद्दल सांगत होता. चोरी केलेला माणूस चोरीवरच बोलतो, आपण तिथं कसे नव्हतो ते सांगतो. ज्याला खरंच काही लागलेलं असतं, त्याच्या ध्यानात आपल्यावरचा आरोपसुद्धा राहत नाही. तरी एवढ्यावर माणूस सोडता येत नसतो; अटक न दाखवता मी त्याला रोज ठाण्यात बोलावून बाकावर बसवत होतो. एजंट रोज येऊन अटकेचं विचारत होता; त्याच्या धंद्याविरुद्ध उघड बोलणारा हा एकच होता. रेल्वेचा नोकर, अटक दाखवली की निलंबन ठरलेलं. मग ते आजारी बाईमाणूस कुठं जाणार, हा प्रश्न होता.

खबर आली ती रामाकोन्याहून. तिथल्या बाजारात आमचा एक आरक्षक, म्हणजे शिपाई, साध्या कपड्यात फिरत होता. तो येऊन म्हणाला, "साहेब, एक बकऱ्यावाली बाई चूर्णाचे रिकामे डबे विकून राहिली. दाणे ठेवाले लोक घेऊन राहिले."

तिला बोलावलं. ती घाबरली नाही. म्हणाली, "चोरीचे नाही जी. नाल्यावर एक शाळेतली बाई डबे उपडे करून राहिली होती. पूड पाण्यात सोडे आणि रडे. म्या म्हटलं, डबे तरी द्या. तिनं देले."

ठाण्यात महिला आरक्षक नव्हती. म्हणून शेजारच्या म्हातारीला सोबत बसवून बाईंच्या घरीच विचारपूस केली. बकऱ्यावालीनं सांगितलेलं मी त्यांना ऐकवलं. त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते हे: "त्यांना सोडलं का तुम्ही?"

"ते तुमच्यावर आहे."

मग त्या बोलल्या. मध्ये मी फारसं काही विचारलं नाही. "एजंट शिकवायचा, अनोळख्याला विकू नका, तो प्रश्न विचारतो. ओळखीच्याला विका. मी तसंच केलं. शाळेत विकलं, शेजारी विकलं, नातेवाइकांत विकलं. आधी मी गेली की लोक चहा ठेवत. मग पिशवी दिसली की आत जाऊ लागले. लेकरू बाहेर येऊन सांगे, आई घरी नाही. तरी मी जातच राहिली. माझ्या खाली इतके जण होते, मी थांबली तर त्यांचं काय, असं वाटे. मग माझ्या या मैत्रिणीच्या खोकल्याचं कळलं. दवाखान्यात डॉक्टरांना चूर्ण दाखवलं. ते म्हणाले, भाजलेलं पीठ आणि साखर आहे, औषध काहीच नाही."

"मग लोकांना सांगायचं होतं."

"कोणत्या तोंडानं? वाटलं, डबेच नसले तर विषय संपेल. चोरी झाली म्हटलं की कोणी काही विचारणार नाही."

"आणि चोर कोण, हे?"

"चोर म्हणून कोणाचं नाव येईल, हे ध्यानातच आलं नाही. तिच्याच घरचं येईल, हे तर नाहीच. आलं तेव्हा माझी जीभ उचलली नाही."

माल त्यांचा, त्यांनीच विकत घेतलेला आणि त्यांनीच टाकलेला. चोरी झालीच नव्हती. मी प्रकरण बंद करायचे, खारिजीचे कागद तयार केले. एजंटला बोलावणं पाठवलं तर तो आला नाही. नागपुरात त्यानं दिलेल्या पत्त्यावर बंद खोली निघाली. तो बैतूलकडं नवे सभासद करतोय, असं पुढं कानावर आलं. सभासदांपैकी कुणीही त्याच्याविरुद्ध रिपोर्ट द्यायला तयार झालं नाही, कारण प्रत्येकानं कुणाला तरी डबा विकलेला होता.

गँगमनला घरी जायला सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या, "मीही येते." मी सोबत गेलो, कारण तो हात उचलेल अशी भीती होती. त्यानं काही केलं नाही. रेल्वे क्वार्टरच्या दारात बाजूला होऊन उभा राहिला. आत त्याची बायको खाटेवर बसली होती. बाईंनी उभ्यानंच सगळं सांगितलं, नाल्यापासून ठाण्यापर्यंत.

तिनं खोकला आवरला. मग म्हणाली, "औषधी मी बंद केली. थो दोष तुह्या एकटीवर नाही टाकत. पण त्या दिवशी तू मले भेटाले आली का विकाले आली, हे मले अजून समजलं नाही. थेच दुखते, बाई."

बाईंनी खाटेजवळचा रिकामा तांब्या भरून ठेवला. मग आम्ही दोघं बाहेर पडलो.

दवाखान्यातली सुई पुन्हा सुरू झाली. या वेळी जास्त दिवस लागले. शाळा सुटली की बाई क्वार्टरवर जात. सुरुवातीला गँगमन त्यांना दारातूनच परत पाठवी. त्या ओट्यावर बसून राहत आणि निघून जात. मधल्या दिवसांत त्यांनी घरोघर जाऊन, मी काय विकलं ते मला माहीत नव्हतं, असं सांगितलं. काही घरांत ऐकून घेतलं, काहींनी दार लावलं. एक शेजारीण, जिच्याशी रोजची देवाणघेवाण होती, ती मी सौंसरला असेपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही. मैत्रीण मात्र वाचली. एक फुप्फुस कायमचं अधू झालं. तिच्या नवऱ्याची बदली झाली तेव्हा बाई स्टेशनवर गेल्या होत्या, असं मुंशीनं सांगितलं. दोघी काय बोलल्या, ते त्याला ऐकू आलं नव्हतं.

पुढं माझी बदली पांढुर्ण्याला झाली. तिथला माझा प्रधान आरक्षक, म्हणजे हवालदार, भला माणूस, कामाला चोख. एका रविवारी तो क्वार्टरवर आला, हातात दंतमंजनाचं खोकं घेऊन. इकडचं तिकडचं बोलून म्हणाला, "साहेब, तुमाले घरचे समजून सांगून राहिलो. आधी तुमीच मेंबर व्हा."

मी म्हणालो, "मला हे नको. आजही नको, पुढंही नको. पण चहा घेतल्याशिवाय जायचं नाही."

त्याचा चेहरा पडला. पण तो बसला. चहा झाला, त्याच्या मुलीच्या शाळेचं बोलणं झालं, पावसाला किती वेळ आहे ते झालं. जाताना खोकं त्यानं काखेत मारलं आणि हसून म्हणाला, "साहेब, बाकीचे हो म्हणतात आणि मग दिसतच नाहीत."

तो पुढच्या रविवारीही आला. रिकाम्या हातानं.

माणसाला माणसाकडं तसं, नुसतं भेटायला यायला फार लागत नाही. पण तेवढं कळायलाच गँगमनच्या बायकोचं रक्त पडावं लागलं, याचा थकवा मला आजही आहे.