ऑरिन मरायला जातो

आमच्या तळ्याकाठच्या गावात उन्हाळा गळे साफ करत येतो. जूनमध्ये देशभरातून नवशिके गायक जमतात, आमच्याच घरांतल्या रिकाम्या खोल्यांत उतरतात, आणि मग कुणाच्या न्हाणीघरातून, कुणाच्या गॅरेजमधून दिवसभर सूर ऐकू येतात. सकाळी तळ्यावर धुकं रेंगाळत असतं तेव्हा पलीकडच्या काठावरचा आवाज पाण्यावरून असा येतो, की गाणारा कोण हे कळत नाही; वाटतं, तळंच झोपेत गुणगुणतंय. महोत्सवाच्या शेवटच्या शनिवारी जुन्या गोठ्यात ऑपेरा होतो. गोठा आता आमचं नाट्यगृह आहे, पण दमट हवेत तिथं अजून वाळल्या गवताचा वास येतो.

ऑरिन हॉवलँड माझा शेजारी. जन्मभर शाळेची बस चालवली, आणि निवृत्त झाल्यापासून तो दर उन्हाळ्यात मरू लागला. ऑपेरात कुणीतरी मेलेलं लागतंच, आणि गायकाला प्रेत करून निजवायचं म्हणजे एक गळा फुकट. ऑरिनला गाता येत नाही, आणि बोलायचा तर त्याला कंटाळाच. त्याची बायको व्हेरना गेली तेव्हा चर्चच्या तळघरात आम्ही सगळे जमलो, तर हा बाबा कॉफीचा कप धरून माझ्या नवऱ्याशी बर्फ हटवायच्या यंत्राबद्दल बोलत होता. डोळ्यांत टिपूस नाही. मला तेव्हा त्याचा रागच आला होता.

"पडून राहायला बरं वाटतं," तो म्हणायचा. "डोळे मिटले की आवाज वरून येतात. बर्फ पडल्यासारखे."

पण गेल्या उन्हाळ्यात घोटाळा झाला. ऐन शोकगीतात त्याच्या नाकावर डास बसला, प्रेतानं नाक मुरडलं, आणि अख्खा गोठा खो खो हसला. गाणारा पोरगा पुढचे शब्दच विसरला. यंदा तो आमच्याकडे आलाच नाही. ऑरिननं ते फार मनाला लावून घेतलं.

म्हणून यंदा आमच्या दिग्दर्शिकेनं, बर्निसनं, मला पेंढ्याचं प्रेत शिवायला सांगितलं. मी शिवलंही. यंदाच्या ऑपेरात मुलगी घरी उशिरा पोचते, बाप नुकताच गेलेला असतो, आणि ती त्याचा हात धरून सांगायचं राहून गेलेलं सगळं त्याला सांगते. ही मुलगी होणार होती मारिसेला, एल पासोहून आलेली, ऑरिनच्याच माडीवर राहणारी. शनिवारी मोठ्या शहरातल्या एका ऑपेरा कंपनीचा माणूस खास तिला ऐकायला येणार होता. तिचं पुढचं सगळं त्या एका गाण्यावर होतं.

तालमीत तिनं पेंढ्याचा हात धरला आणि गाणं मध्येच सोडलं.

"मला हा नको. मला ऑरिन हवेत."

"आणि तो हलला म्हणजे?" बर्निस म्हणाली. "लोक हसतील. त्या माणसासमोर. मग बस घरी जाऊन रडत."

"नाही हलणार ते."

"त्याला विचारलंस?"

ऑरिन दाराशी टोपी कुरवाळत उभा होता. "मला काय विचारता, डासांना विचारा," तो म्हणाला. पण त्याचा चेहरा उतरला होता.

शनिवारी मी पुढच्या रांगेत बसले. गोठ्याची दारं उघडी होती, बाहेर तळ्यावरचा उजेड विझत चालला होता, आणि दिव्यांभोवती पतंग फिरत होते. बर्निसनं शेवटी हार मानली होती, आणि पेंढ्याऐवजी ऑरिनच पलंगावर निपचित पडला होता. मारिसेलानं त्याचा हात हातात घेतला आणि गाऊ लागली: थांबा, इतक्यात गार पडू नका, माझं अजून सांगायचं राहिलंय. शब्द परक्या भाषेतले, पण अर्थ ऑरिनला पाठ होता. सारा उन्हाळा ती त्याच्या स्वयंपाकघरात हेच गात होती.

आणि त्याच्या मिटल्या डोळ्यातून पाणी आलं. कानाकडे ओघळलं, दिव्यात लख्ख चमकलं. मागं कुणीतरी फिसकन हसलं. ऑरिन तसूभरही हलला नव्हता, पण डोळे त्याचं ऐकत नव्हते.

मारिसेलानं ते पाहिलं. ती वाकली, अंगठ्यानं त्याचा गाल पुसला आणि पुढची ओळ इतकी हळू गायली, की मागचं हसू तिथंच विरून गेलं. मग दुसरा डोळा वाहू लागला. तिनं तोही पुसला. गाणं संपलं तेव्हा मला वाटलं, आपण सगळे कुणाच्या तरी स्वप्नात शिरलोय आणि त्याला उठवायची कुणाची छाती होत नाहीये. टाळ्या फार उशिरा सुरू झाल्या.

मी पडद्यामागं गेले तेव्हा ऑरिन अजून पलंगावरच बसून होता, शेजारी मारिसेला.

"माफ कर पोरी. प्रेतानं रडायचं नसतं."

"कुणाची आठवण आली?"

"व्हेरना अशीच पडली होती. हात असाच माझ्या हातात." त्यानं टोपी चढवली. "आणि मी नर्सला पार्किंगचं विचारत बसलो."

मारिसेलाला शहरातून बोलावणं आलं. रविवारी ऑरिन तिला बसवर सोडायला निघाला. रस्ता सरळ, घरून वेळेत निघालेले, तरी बस चुकली. ज्यानं जन्मात कुणाला शाळेत उशिरा पोचवलं नाही, त्याच्या हातून चुकली. शेवटी तो तिला थेट शहरापर्यंत सोडून आला. संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा मी कारण विचारलं.

"वाटेत दफनभूमीपाशी थांबलो," ती म्हणाली. "ते एकटेच आत गेले. बोलत उभे होते. खूप वेळ."

"काय बोलत होता गं?"

"काय माहीत. मी गाडीच्या काचा वर करून घेतल्या होत्या."