किरणचा उजवा गुडघा

सदानंद वाघमारेला काहीही दाखवा, तो आधी त्याची किंमत काढणार. यात त्याचा दोष निम्माच म्हणायचा. सिडनीच्या पश्चिमेला जुन्या मोटारींचा लिलाव करणाऱ्या एका यार्डात तो गाड्या तपासायची नोकरी करतो. दार उघडून आधी वास घ्यायचा, मॅटखाली हात घालून ओल बघायची, वाकून गंज शोधायचा आणि मग एक आकडा सांगायचा, हेच दिवसभर. पुढे पुढे सवय इतकी अंगात मुरली की कुणाच्या घरी जेवायला गेला तरी त्याची नजर सोफ्याच्या पायांकडे जाते. त्याची बायको मयूरा म्हणते, आपलं लग्न ही नोकरी लागायच्या आधी झालं ते एक बरं झालं.

अशा माणसाला वेड लागावं तर ते बेसबॉलचं. नांदेडला असताना त्याने बेसबॉलची बॅट पाहिली होती ती फक्त सिनेमातल्या गुंडांच्या हातात. हे वेड त्याला लावलं किरण गजभियेने. सदानंद विद्यार्थी म्हणून सिडनीतल्या ब्लॅकटाउनला उतरला तेव्हा राहायच्या जागेचा पत्ता नव्हता. भीमजयंतीच्या कार्यक्रमात खुर्च्या मांडताना किरण भेटला, कुठे राहतोस म्हणून विचारलं आणि त्याच संध्याकाळी आपल्या खोलीत त्याच्यासाठी दुसरी गादी टाकली. रविवारी मैदानावर नेलं आणि स्वतःचा ग्लव्ह त्याच्या हातात चढवला. किरण वर्ध्याचा. लोकांच्या छपरांवर सोलर पॅनल बसवायचं काम करतो. बोलायला कमी, आणि खेळायला कॅचर. कॅचर म्हणजे आपल्या क्रिकेटमधला विकेटकीपर समजा, पण हाल त्याहून जास्त. बॅट्समनच्या मागे दर चेंडूला उकिडवं बसायचं, उठायचं, पुन्हा बसायचं. वर्षानुवर्षं हा माणूस सदानंदच्या टीमसाठी अशा उठाबशा काढत होता.

सदानंदचं खरं मैदान मात्र व्हॉट्सॲपवर. ‘होम रन मंडळ’ नावाचा त्यांचा ग्रुप आहे. अमेरिकेतला हंगाम संपला की तिथले संघ आपापसांत खेळाडूंची अदलाबदल करतात, आणि इकडे ब्लॅकटाउन-गिरावीनमधले आमचे मराठी वीर, ज्यांना त्या संघांचा मालक दारातही उभा करणार नाही, ते कुणाला ठेवावं आणि कुणाला काढावं यावरून भांडत बसतात. एक म्हणतो, या पिचरला सोडणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. दुसरा म्हणतो, अरे मेट, त्याचा खांदा गेलाय, गेल्या वर्षीचे आकडे बघ जरा. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. पण त्यात शेवटचा शब्द सदानंदचा. “पस्तिशीचा खेळाडू म्हणजे दोन लाख किलोमीटर चाललेली गाडी,” तो व्हॉइस मेसेजमधून सांगायचा. “चालू आहे तोवर विकायची. बंद पडली की मग भंगारवालाच येतो.” यावर ढीगभर हसरे चेहरे पडायचे. त्या हसऱ्या चेहऱ्यांनीच त्याचं डोकं फिरवलं.

कारण या मंडळाने स्वतःचीही एक रीत पाडली होती. रविवारच्या लोकल लीगमध्ये यांच्या दोन टीम. ब्लॅकटाउनचा कॅप्टन सदानंद, गिरावीनचा विक्रांत. इथला हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो, तर त्याआधी ऑगस्टमधल्या एखाद्या रविवारी विक्रांतच्या बॅकयार्डात बार्बेक्यू पेटवून ‘बाजार’ भरायचा आणि अमेरिकेसारखीच अदलाबदल व्हायची. ज्याची बोली चालू असेल त्याने शेगडीपाशी उभं राहून मक्याची कणसं भाजायची आणि स्वतःची निंदास्तुती निमूट ऐकायची. सगळी थट्टाच. एक गोष्ट तेवढी थट्टेची नव्हती. सौदा पक्का करण्याआधी घेणारा कॅप्टन विचारायचा, “दुखणंखुपणं काही?” आणि देणारा जे सांगेल ते खरं मानायचं. त्यापुढे चौकशी नाही, डॉक्टर नाही, नंतर कुरबूर नाही.

बाजाराच्या आदल्या आठवड्यात किरण एकटाच, बायको रूपालीला न आणता, सदानंदच्या घरी आला. चहा घेतला, मयूराशी मुलांच्या शाळेबद्दल बोलला, आणि ती आत गेल्यावर पँट वर सरकवून त्याने उजवा गुडघा दाखवला. सुजून त्याची वाटी दिसेनाशी झाली होती.

“डॉक्टर म्हणतो, उकिडवं बसणं बंद. नाहीतर छपरावर चढणंही बंद होईल,” किरण म्हणाला. “यंदा मला फर्स्ट बेसला उभा कर, सदा. तिथे बसावं लागत नाही. आणि कुणाला बोलू नकोस. रूपालीला कळलं तर ती मला घराबाहेर पडू द्यायची नाही.”

“नो वरीज,” सदानंद म्हणाला. “बघतो मी.”

हे बोलतानाच त्याच्या डोक्यात दुसरं गणित सुरू झालं होतं, आणि लाज वाटायला हवी होती ती तिथेच. फर्स्ट बेसला उभं राहायला त्याच्याकडे किरणपेक्षा तरणे दोघे होते. टीम कितीतरी दिवस मार खात होती, कारण चेंडू टाकणारा धड पिचर नव्हता. विक्रांतकडे शौनक नावाचा युनिव्हर्सिटीतला एक पोरगा होता, ज्याचा चेंडू डोळ्याला दिसायच्या आत निघून जायचा. आणि विक्रांतला हवा होता कॅचर. ‘तुला माझ्याकडे जागा नाही’ असं किरणच्या तोंडावर म्हणायची सदानंदची छाती नव्हती. मित्राला नाही म्हणण्यापेक्षा त्याला विकून टाकणं त्याला सोपं वाटलं. आता याला काय म्हणावं.

बाजाराच्या दिवशी ऊन लख्ख होतं आणि वारा गार. सदानंद भलताच रंगात होता. त्यानेच किरणचं नाव पुकारलं. किरणने चमकून पाहिलं, मग त्याला वाटलं हीही थट्टाच असेल, आणि रिवाजाप्रमाणे चिमटा उचलून तो कणसांपाशी जाऊन उभा राहिला.

“एकच मालक, वेळेवर सर्व्हिस, गंज औषधाला नाही,” सदानंद सांगत होता आणि मंडळी पोट धरून हसत होती. “मायलेज जास्त आहे, कबूल. पण इंजिनाचा आवाज ऐका.” शौनकच्या बदल्यात किरण, असा सौदा त्याने मांडला. विक्रांतने दाढी खाजवली. तो तसा सरळ माणूस. त्याने रीतीप्रमाणे विचारलं, “दुखणंखुपणं काही? गुडघे कसे आहेत? कॅचरचे आधी तेच जातात.”

सगळे सदानंदकडे बघत होते. किरण पाठमोरा होता. त्याच्या हातातला चिमटा मध्येच थांबला, तो फक्त सदानंदला दिसला.

“एकदम फिट,” सदानंद म्हणाला.

किरणने कणीस उलटलं. एका बाजूने ते पार काळं पडलं होतं. थोड्या वेळाने तो वळला आणि विक्रांतला म्हणाला, “मला शर्ट मोठा लागेल. एक्सएल सांग.” टाळ्या पडल्या. सदानंदने शौनकला मिठी मारली, कुणीतरी फोटो काढला. निघताना किरण गाडीपाशी भेटला, तेव्हा काहीतरी बोलायचं म्हणून सदानंद म्हणाला, “अरे, विक्रांतला सांग की तू. तो ठेवील तुला फर्स्ट बेसला.”

“कसं सांगू?” किरण म्हणाला. “तू सगळ्यांपुढे फिट म्हणालास ना.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सदानंदला बरं वाटलं असतं.

मयूराला त्याने बरेच दिवस काही सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा तिने पोळी लाटायची थांबवली. “ज्याच्या खोलीत पहिली गादी मिळाली, त्याच्याच घरचे वासे मोजलेस,” ती म्हणाली. “विक्रांतला फोन कर. आत्ता कर.” सदानंद हो म्हणाला आणि फोन घेऊन बाहेर व्हरांड्यात गेला. पण कॅप्टनचा शब्द खोटा निघाला म्हणून ग्रुपवर काय काय येईल, कोण कसं फिदीफिदी हसेल, ते त्याला उभ्या उभ्या ऐकू यायला लागलं. आत येऊन तो म्हणाला, उचलत नाहीये. मयूराने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि पुढची पोळी लाटायला घेतली.

त्यानंतर अन्न गोड लागेना. यार्डात गाडीखाली वाकला की तो सुजलेला गुडघा डोळ्यांपुढे यायचा. ग्रुपवर गिरावीनच्या प्रॅक्टिसचे फोटो पडायचे. हिरव्या शर्टातला किरण, उकिडवा बसलेला, हसरा. फोटो मोठा करून पाहिला की दिसायचं, त्याने डावा हात जमिनीला टेकवलेला असायचा. सदानंद फोटोला अंगठा द्यायचा आणि फोन पालथा ठेवायचा. विक्रांतला फोन करायचं तेवढं राहून जायचं.

आणि नशीब बघा, हंगामाचा पहिलाच सामना या दोन टीमचा लागला. सुरू होण्याआधी किरण मुद्दाम सदानंदच्या बेंचपाशी आला. “शौनकला फार टाकायला लावू नकोस,” तो म्हणाला. “पोराचा खांदा अजून कोवळा आहे.” एवढंच बोलून तो परत गेला. चालताना त्याचं वजन सगळं डाव्या पायावर होतं. ज्याला विकलं तो जाता जाता ज्याच्या बदल्यात विकला त्याची काळजी करून गेला, आणि सदानंदला मान वर करता येईना.

शौनक छान खेळला. विक्रांतची पोरंही खेळली. शेवटच्या डावात दोन्हीकडे सारखे रन, सदानंदच्या टीमची बॅटिंग, आणि त्याचा एक गडी तिसऱ्या बेसवर, म्हणजे शेवटच्या थांब्यावर. तो धावत घरी, म्हणजे बॅट्समन उभा असतो तिथे, पोहोचला की सामना खिशात. अशा वेळी एक युक्ती असते, तिला बंट म्हणतात. चेंडू मारायचा नाही, नुसती बॅट लावून पुढ्यातच पाडायचा. मग कॅचरला झटकन उठून त्यावर झेप घ्यावी लागते. चांगल्या गुडघ्याचा कॅचर असेल तर ही युक्ती अंगाशी येते. दुखरा गुडघा असेल तर ती हमखास लागते, आणि त्या मैदानावर त्या गुडघ्याची खबर खेळणाऱ्यांपैकी दोघांनाच होती.

मी ठरवून केलं नाही, असं सदानंद नंतर मयूराला पुष्कळदा सांगणार होता. हात आपोआप वर गेला. टोपीच्या कडेला बोटं दोनदा लागली. बंटची ही खूण त्यांच्या टीममध्ये पहिल्यापासूनची, आणि ती बसवलेली किरणनेच. मास्कच्या जाळीआडून किरणने ती पाहिली. त्याने सदानंदकडे जरा वेळ बघितलं, मग वजन पुढे घेतलं आणि तयार होऊन बसला.

चेंडू पडला. किरण उठला. पहिलं पाऊल नीट पडलं, दुसऱ्याला गुडघा दुमडला आणि तो तोंडावर मातीत आला. तरी पडल्या पडल्या हात लांबवून त्याने चेंडू धरला. तोवर सदानंदचा गडी त्याच्या बाजूने घरी पोहोचला होता. ब्लॅकटाउनची पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारायला लागली.

सदानंद धावत गेला. विक्रांत आधीच किरणपाशी बसला होता. “आत्ता मुरगळला का रे?” तो विचारत होता.

“हो,” किरण म्हणाला. “आत्ताच. पाऊल वाकडं पडलं.”

अजूनही तो झाकतच होता. ते मात्र सदानंदला सोसवलं नाही. “आत्ताचा नाही,” तो मोठ्याने म्हणाला. उड्या मारणारे थांबले. “बाजाराच्या आधीपासूनचा आहे. किरणने मला दाखवला होता. मी खोटं बोललो.”

बोलून झाल्यावर त्याला हलकं वाटलं. इतक्या दिवसांचं साचलेलं एकदाचं बाहेर पडलं होतं. आता विक्रांतने चार शिव्या घालाव्यात, कानफटात मारावी, तो तयार होता. पण विक्रांत त्याच्याकडे बघतच नव्हता. तो किरणकडे बघत होता.

“म्हणजे तुलाही माहीत होतं,” विक्रांत म्हणाला. “तू तिथेच उभा होतास, शेगडीपाशी. सगळं ऐकत होतास. आणि मग आमचा शर्ट घालून खेळायला आलास.”

किरणने हातातला चेंडू मातीत ठेवला. गिरावीनच्या दोघांनी त्याला बगलेत धरून उठवलं, बेंचवर बसवलं, बर्फाची पिशवी दिली आणि ते निघून गेले. एरवी कुणी पडलं तर घोळका जमतो, थट्टा होते, पाणी येतं. त्या दिवशी त्या बेंचच्या आसपास कुणी फिरकलं नाही.

सदानंद जाऊन त्याच्या शेजारी बसला. “किरण, मला माफ कर,” तो म्हणाला. “माझ्याच्याने राहवलं नाही.”

“तुझ्याच्याने राहवलं नाही,” किरण म्हणाला. तो गुडघ्यावरची पट्टी सोडत होता. “विक्रांतला एकट्याला आधी सांगितलं असतंस तर मी उभा राहून खेळलो असतो. आज काही बोलला नसतास तरी चाललं असतं, गुडघ्याचं जे व्हायचं ते झालंच होतं. मी तुझा शब्द राखला, सदा. आता तुझ्याबरोबर मीही खोटारडा.”

सकाळपर्यंत लाज सदानंदची एकट्याची होती. आता ती त्याने दोघांत वाटली होती, आणि ते करताना त्याला हलकं वाटलं होतं, ही गोष्ट तो कुणालाही सांगणार नव्हता.

किरणने अंगातला हिरवा शर्ट काढला, उलटा झाला होता तो सुलटा केला आणि त्याच्या हातात दिला. “हा विक्रांतला देऊन ये,” तो म्हणाला. “मला तिथवर चालवणार नाही.”

सदानंद शर्ट घेऊन निघाला. मैदान ओलांडताना त्याला कुणी हाक मारली नाही, शौनकनेही नाही. विक्रांत बॅटी पिशवीत भरत होता. त्याने हात पुढे केला नाही. “ठेव तिथे,” एवढंच म्हणाला. सदानंदने घामाने ओला झालेल्या त्या शर्टाची नीट घडी घातली, बेंचच्या टोकाला ठेवली आणि तो परत वळला. किरण त्याच्यासाठी थांबला नव्हता. बॅटचा आधार घेत, बनियनवर, एकटाच गाडीकडे निघाला होता.