आईंच्या हातावरचा चौकोन

आधीच सांगते, दृष्ट, उतारे वगैरे मानणाऱ्यांपैकी मी नाही. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, मीठ-मोहऱ्या घेऊन आल्या की मी आमच्या condo मधल्या smoke alarm कडे बोट दाखवायची!

पुण्यात जपानी शिकले, त्याच जोरावर इथे सिंगापूरला, चांगी बिझनेस पार्कमध्ये नोकरी करते. गेल्या वर्षी एका दिवाळी अंकासाठी जुन्या जपानी बौद्ध कथा मराठीत आणत होते... आणि नेमका आमच्या मिहिरला डेंग्यू झाला.

प्लेटलेट्स घसरतच होत्या. नवरा टूरवर. हॉस्पिटलमध्ये मी, सासूबाई आणि सलाईन लावलेलं माझं पोर. डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस महत्त्वाचा. काहीतरी बोलायचं म्हणून मी आईंना हातातली कथा सांगितली — एका पोरीचा हात उकळत्या पाण्याने भाजतो. सकाळी हात बरा, पण गावाबाहेरच्या दगडी बोधिसत्त्वाच्या हातावर फोड! दुसऱ्याचं दुःख अंगावर घेणं, हीच करुणा.

"एवढंच होय?" आई म्हणाल्या. "यात जपानी काय गं?"

त्या उठल्या, मिहिरच्या गालांवरून हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "सगळी इडापीडा मला लागू दे रे सोन्या."

दुपारनंतर ताप उतरला. दुसऱ्या दिवशी प्लेटलेट्स चढल्या. डेंग्यूत असं होतं, हे मलाही कळतं. पण नर्सने सुई काढली आणि ती मिहिरचा डावा हात उलटसुलट करून बघतच राहिली. टोचल्याची खूणच नव्हती...

"आजी, सी! नो pain ऑलरेडी लाह!" मिहिर त्याच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडला.

आईंनी डावा हात पदराखाली घेतला. मी तो ओढून बाहेर काढला. मनगटापाशी काळंनिळं, मधोमध सुईचं टिंब, भोवती चिकटपट्टीचा लाल चौकोन. त्यांना कुणी सुई लावलीच नव्हती! आणि हात चटका बसेल इतका गरम.

त्यांची डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह आली. तरी आठवडाभर त्या तापाने फणफणल्या. मी देव, बुद्ध, सगळ्यांना हाका मारल्या. शेवटी उतरला एकदाचा. डॉक्टरांनी 'व्हायरल' म्हणून विषय संपवला.

भाषांतर पुरं केलं, पण पाठवलं नाही. कथेतली मूर्ती दगडाची, तिला दुखत नाही. आई रात्र रात्र कण्हायच्या... आणि मी जवळ गेले की म्हणायच्या, "काही नाही गं, तू झोप."